मातीने उघडलेली मूठ

रामकिसन सांडूबा कोरडे, वय वर्षे अडुसष्ट, हा एका गावात मोसंबीचा बागाईतदार होता. खतपाण्यातले आपल्याइतके कोणालाच कळत नाही, असे तो मानत असे. आणि गावही तसेच मानत असे. त्या गावाची एक रीत होती. बहर धरण्यासाठी झाडांचे पाणी काही आठवडे बंद करून त्यांना ताण द्यायचा, आणि मग खतपाणी देऊन तो तोडायचा. पहिला ताण रामकिसनने तोडायचा. त्यानंतर तीन आठवड्यांनी, त्याने केले तसेच, इतरांनी करायचे.

एका वर्षी खुरपणीला मजूर मिळेनात. तेव्हा साऱ्या गावाने झाडांच्या आळ्यांत तणनाशक फवारले. त्याला आठवडा होतो न होतो तोच रामकिसनने सुपर फॉस्फेटची पोती बैलगाडीत भरली.

शेजारच्या बागेची मालकीण अनुसया बांधावरून म्हणाली, "भाऊ, औषध मारून आठ दिस बी नाही झाले. जमिनीला जरा दम तर घेऊ द्या!"

"अनुसये, दारात आलेल्या उपाशी पाहुण्याला तू दम घ्यायला लावतेस का? ताट वाढायचं, गप बसायचं!"

"वाढा की. पण ताटात आधीच काय सांडलंय, तेवढं बघा म्हणते मी."

रामकिसन हसला आणि त्याने दुप्पट हाताने खत टाकले. शेवटच्या दोन ओळी राहिल्या असताना गाडीचा कणा मोडला. त्या दोन ओळींना खत मिळाले नाही. पाणी मात्र सगळ्या बागेला सारखेच मिळाले.

दहाव्या दिवशी नवी पालवी फुटली, ती पिवळी आणि सुईसारखी बारीक. पाहता पाहता शंभरावर झाडे माना टाकू लागली. रामकिसनने आधी दुकानदाराला दोष दिला, मग विहिरीच्या पाण्याला, आणि शेवटी अनुसयेच्या दृष्टीला. असा चडफडत तो बागेच्या टोकाला पोहोचला आणि जागीच थबकला. शेवटच्या दोन ओळी हिरव्यागार होत्या! तणनाशक त्यांनाही तेच होते. पाणीही तेच होते. नव्हते ते केवळ खत.

आता तो राग विसरूनच गेला. त्याने तीन कुंड्या आणल्या. पहिलीत शेवटच्या ओळींतील फवारलेली माती भरली. दुसरीत तीच माती भरून चिमूटभर सुपर फॉस्फेट मिसळले. तिसरीत बांधावरची, औषध न लागलेली माती घेऊन तितकेच खत घातले. तिन्हींत मूग पेरले. पुढचे आठ दिवस या माणसाला चहाची आठवण राहिली नाही. उजाडताच तो कुंड्यांपुढे उकिडवा बसे आणि कोंबांना म्हणे, "अरे, बोला की लवकर!"

नवव्या सकाळी कोंब बोलले. पहिल्या कुंडीतील मूग टवटवीत. तिसऱ्या कुंडीतील त्याहून टवटवीत. दुसऱ्या कुंडीतील मात्र पिवळे पडून आडवे झालेले!

"सापडलं!" रामकिसन ओरडला. औषध मातीने मुठीत आवळून धरले होते. खत आले, त्याने औषधाची जागा घेतली, आणि मातीची मूठ उघडली. मोकळे झालेले औषध तहानलेल्या मुळांनी अधाशीपणे पिऊन टाकले. एकटे औषध निरुपद्रवी, एकटे खत तर पोषकच. घात केला तो दोघांच्या भेटीने. त्याला इतका आनंद झाला, की तिन्ही कुंड्या टोपलीत घालून तो अनवाणीच गावाकडे धावत सुटला. कारण आज तिसरा आठवडा पुरा होत होता, आणि गाड्या जुंपल्या जाणार होत्या.

अर्ध्या वाटेवर त्याचे पाय अडखळले. हे सांगायचे म्हणजे स्वतःची चूक सांगायची! चार लोकांत आपली काय शोभा राहील? त्याला एक युक्ती सुचली. 'आज दिवस बरा नाही, थांबा' एवढेच म्हटले तरी गाड्या परततील. कोणी कारणही विचारणार नाही. पण लगेच त्याच्या ध्यानात आले की आज परतलेल्या गाड्या परवा पुन्हा निघतील. अनुसयेची नव्वद झाडे आज वाचतील आणि परवा मरतील.

समोरून गाड्या येतच होत्या. सर्वांत पुढे अनुसयेची. रामकिसन रस्त्यात हात पसरून उभा राहिला.

"थांबा! खत टाकू नका! माझी झाडं माझ्या खतानं मेली!"

मागच्या गाडीतला तरुण शेतकरी बन्सी म्हणाला, "काय मामा, खतातलं तुम्हालाच कळतं ना? का आम्हाला मागं ठेवायची ही नवी तऱ्हा?"

रामकिसनचे कान तापले. पण त्याने टोपली खाली ठेवून कुंड्या ओळीने मांडल्या. "हस पोटभर. पण आधी हे बघ. काय फवारलं, काय टाकलं, सगळं सांगतो. अनुसयेनं मला बजावलं होतं. मी तिला गप बसवलं."

अनुसया गाडीतून उतरली. तिने दुसऱ्या कुंडीतील एक मलूल कोंब उचलून बोटांवर धरला, नीट न्याहाळला, आणि आपले बैल माघारी वळवले. बन्सीचे हसू मावळले. एकामागून एक साऱ्या गाड्या वळल्या.

त्या वर्षी रामकिसनची एकशे बारा झाडे वाळली. गावातील दुसऱ्या कोणाचेही झाड गेले नाही. तेव्हापासून त्या गावात प्रत्येक जण फवारलेल्या जमिनीत खत टाकण्यापूर्वी तेथील माती कुंडीत घेऊन, तिच्यात तेच खत मिसळून, मूग पेरून पाहतो. आणि रामकिसन सल्ला देण्याआधी समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतो.

तात्पर्य: चांगल्या हेतूने दिलेले पोषणही अवेळी दिल्यास घातक ठरू शकते, आणि आपला सल्ला चुकला असे कळताच, दुसऱ्याचे नुकसान होण्यापूर्वी, तो आपल्याच तोंडाने मागे घेणारा खरा जाणता होय.