हौसाबाईची बदकं आणि उंबरातलं घुबड

गावाचं नाव विचारू नका, ते मलाही ठाऊक नाही. पण त्या गावाला एक तळं होतं आणि तळ्याच्या काठी हौसाबाई नावाची एक म्हातारी एकटीच राहत होती, एवढं नक्की.

एकटी म्हणजे घरात दुसरं माणूस नव्हतं. बदकं मात्र सात होती. रोज सकाळी हौसाबाई पुढे आणि बदकं मागे, अशी वरात तळ्याकडे निघायची. शेजारची सरूबाई दारातून चिडवायची, "काय हौसाक्का, लेकरं निघाली का शाळेला?" हौसाबाईही ठसक्यात सांगायची, "निघाली बाई, आज जरा उशीरच झाला!" सगळ्यांच्या मागे ठुमकी असायची. तिचा एक पाय अधू होता. ती मागे पडली की हौसाबाई सगळी वरात थांबवायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ झालं नव्हतं. म्हातारीचा सगळा जीव या सात बदकांत होता.

तिच्या अंगणात उंबराचं जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत घुबडाची जोडी राहायची, आणि त्या वर्षी ढोलीत पिल्लंही होती. बिचारी घुबडं दिवसभर डोळे मिटून बसलेली असायची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण घुबड म्हणजे अपशकुन, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि कुंपणापाशी एक मुंगूस यायचं. त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, हेही सगळ्यांना माहीत होतं. हौसाबाई रोज विहिरीवर पाण्याला जायची तेव्हा ते दिसलं की ती घागर खाली ठेवून हात जोडायची.

एक दिवस ती विहिरीवरून आली आणि बदकांना बाहेर सोडायला तिनं खुराड्याची कडी काढली. आत एक बदक मान टाकून पडलं होतं. अंग अजून गरम होतं. मानेवर दातांची खूण होती, बाकी पिसालाही धक्का नव्हता. हौसाबाईनं त्याला पदरात घेतलं आणि ती मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गेलं. तसंच, मानेवर खूण आणि बाकी अंग जसंच्या तसं.

मग काय, सगळं गाव अंगणात गोळा झालं. जो तो शहाणा. कोणी म्हणालं कुत्रं असेल, कोणी म्हणालं रानमांजर. शेवटी सरूबाईनं उंबराकडे बोट दाखवलं. "अरे, इकडे तिकडे काय शोधताय? दारात अवदसा बसवून ठेवलीय हिनं! त्या घुबडाची सावली पडते खुराड्यावर." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघा-तिघांनी तर कुऱ्हाडीही आणल्या. पण झाड हौसाबाईचं होतं. तिनं हो म्हटल्याशिवाय त्याला हात कोण लावणार?

तेवढ्यात मायाप्पा धनगर तिथं आला. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, लांडग्या-कोल्ह्यांचे सगळे चाळे त्याला पाठ. त्यानं मेलेलं बदक हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

"मावशी, हे जितं कधी बघितलं होतंस?"

"सकाळी. उजाडल्यावर अंडी काढली तेव्हा चांगलं ठणठणीत होतं रे. पाणी घेऊन आले तोवर हे असं."

"म्हणजे दिवसाढवळ्या झालं हे. घुबड त्या वेळेला झोपेत असतं. रानमांजरानं ते उचलून नेलं असतं, कुत्र्यानं फाडून टाकलं असतं. हे काम बारीक तोंडाच्या जनावराचं आहे. असं कर, खुराड्याच्या चारी बाजूंनी चुलीतली राख पसर. उद्या जे येईल त्याची पावलं राखेत उमटतील. पावलं बघू, मग काय ते ठरवू. एक दिवस थांब."

हौसाबाईनं राहिलेल्या पाच बदकांकडे पाहिलं. ठुमकी तिच्या पायाशी येऊन बसली होती.

"एक दिवस म्हणजे एक बदक, मायाप्पा," ती म्हणाली. "उद्या ही गेली तर? तुझं काय जातंय थांब म्हणायला!"

"मग उद्याचा दिवस तू पाण्याला जाऊ नकोस, इथंच बसून राहा. पाणी मी आणून देतो."

किती सोपी गोष्ट होती, सांगा बरं! पण दुःखाला घाई असते, आणि दुःखात माणसाला कोणावर तरी राग काढायचा असतो. राखेवर राग कसा काढणार? घुबड समोर होतं. हौसाबाईनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "तोडा."

झाड कोसळलं. घुबडाची जोडी उन्हात आंधळ्यासारखी भिरभिरत उडाली. ढोलीतली तीन पिल्लं मात्र खोडाखाली सापडली. पांढऱ्या लवीचे एवढे एवढे गोळे. मग सरूबाई म्हणाली, "चला, पीडा गेली," आणि माणसं आपापल्या घरी निघून गेली. मायाप्पानं त्या पिल्लांना खड्डा करून पुरलं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईला हलकं वाटत होतं. तिनं अंडी काढली, ठुमकीच्या पाठीवरून हात फिरवला, कडी लावली आणि घागर घेतली. कुंपणाशी मुंगूस दिसलं. तिनं हात जोडले. विहिरीवर बायका भेटल्या, आदल्या दिवशीच्या गप्पा निघाल्या. आता कसली घाई? ती निवांत बसली.

परत आली तर खुराड्यात सगळं शांत होतं. एरवी तिचं पाऊल वाजलं की आतून कलकलाट व्हायचा. घागर तिच्या हातून सुटली. तिनं कडी काढेपर्यंत खुराड्याच्या मागच्या बाजूनं काहीतरी सुळकन बाहेर पडलं. मुंगूसच होतं. त्याचं तोंड लाल झालं होतं. तिच्याकडे एकदा पाहून ते कुंपणात शिरलं.

चार बदकं मेली होती. ठुमकीचा श्वास तेवढा चालू होता. हौसाबाईनं तिला मांडीवर घेतलं, चोचीत पाणी घातलं, "माझे बाई, माझे बाई" ती म्हणत राहिली. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तेव्हा ठुमकी गेली.

मायाप्पा धावत आला. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. त्यानं खुराड्याच्या मागे वाकून पाहिलं. बदकं पाणी फार सांडतात म्हणून हौसाबाईनंच चिखल वाहून जायला तिथं एक भोक ठेवलं होतं. मुठीएवढं असेल नसेल.

"इथून येत होतं," तो म्हणाला. "त्याला तरी काय बोल लावायचा मावशी? जनावरच ते, त्याचा स्वभावच तो. इथं एक दगड लावला असता तर भागलं असतं."

हौसाबाईनं तो दगड स्वतःच्या हातानं आणला आणि भोकात घट्ट ठोकून बसवला. खुराडं आता पक्कं झालं होतं, पण आत कोणी उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी सरूबाई पदराखाली बदकाची दोन पिल्लं घेऊन आली. तिचीही नजर वर होत नव्हती. "हौसाक्का, ही ठेव गं." हौसाबाईनं पिल्लांना कुरवाळलं आणि परत तिच्याच हातात दिली. "तूच सांभाळ. माझ्या हातून आता होणार नाही," ती म्हणाली.

दिवस मावळायला घुबडाची मादी तुटलेल्या खोडावर येऊन बसली. ढोली जिथं होती तिथं मान वळवून वळवून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी हौसाबाई हळूच जाऊन खोडापासून चार हातांवर बसली.

"माझी गेली ती माझ्या चुकीनं गेली गं," ती म्हणाली. "पण तुझी कशापायी गेली? तू माझं काय केलं होतंस?"

घुबड थोडा वेळ बसलं आणि उडून गेलं. त्यानंतर ते कधी आलं नाही. हौसाबाई मात्र दिवस मावळला की खोडापाशी जाऊन बसायची.

या गोष्टीचं तात्पर्य मुलांनी लक्षात ठेवावं आणि मोठ्यांनी तर ठेवावंच: नुकसान कोणी केलं हे नीट पाहिल्याशिवाय कोणावर कुऱ्हाड उचलू नये. भलत्यावर राग काढला की निरपराध मरतो, आणि खरं संकट मोकळ्या वाटेनं पुन्हा घरात येतं.