फुटायची मडकी

दगडांनाही दुपारी डुलकी लागायची, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या कपारीत कुंभारीण माश्या राहत. प्रत्येकीने चिखलाचं इवलंसं मडकं घडवायचं, आत अंडं आणि पिल्लापुरता खाऊ ठेवायचा आणि तोंड लिंपून टाकायचं, अशी त्यांची रीत होती.

मालण नावाच्या माशीचं पहिलंच मडकं तडकलं आणि आतलं अंडं नदीत पडलं. तेव्हापासून तिला चिखलाकडे पाहवेना.

"मला नाही जमायचं, मावशी," ती काठावरच्या म्हाताऱ्या खेकडिणीला म्हणाली.

"अंडं न ठेवता घडवून पाहिलंस का कधी?"

"रिकामं मडकं कशाला?"

"फुटायला," खेकडीण म्हणाली.

मग मालणने कपारीपासून दूर, एका वाळक्या फांदीवर रिकामी मडकी घडवायला घेतली. काही कलली, काही वाऱ्याने पडली, पण कोणाचंच काही बिघडलं नाही. फुटलेल्याची माती भिजवून ती पुन्हा नवं घडवी. चिखल किती ओला हवा, हे हळूहळू तिला कळू लागलं आणि मनातली भीती धुक्यासारखी विरत गेली.

शेवटी तिने कपारीत मडकं केलं आणि त्यात अंडं ठेवलं. वादळ येऊन गेलं, तरी ते टिकलं. एका कोवळ्या सकाळी आतून बारीकशी कुरतड ऐकू आली. मालण पंख मिटून कानोसा घेत बसली, आणि खाली नदी संथ वाहत राहिली.