अठरा हात दोर

शमुवेलबाबा वर्षभर गावोगाव कीर्तने करीत फिरत. पण बाजरीची सुगी आली की ते चिंचठाणच्या ख्रिस्ती वस्तीत येत आणि हंगामाचा सण पार पडेपर्यंत तिथेच राहत. मंदिराच्या पडवीत त्यांची घोंगडी पडलेली असे. जो येईल त्याच्याशी बाबा बोलत, आणि जो येत नसे त्याच्या दारी स्वतः जात.

या वस्तीतले लोक पूर्वी दोर वळणारे. ख्रिस्ताचे झाल्यावर त्यांची मुले शिकली. कोणी मास्तर झाले, कोणी कंपाउंडर. दोर वळणारे एकच घर उरले होते, याकोब पारख्याचे.

दोर वळायला दोन माणसे लागतात. एकाने बसून फिरकी फिरवायची आणि दुसऱ्याने वाख, म्हणजे घायपाताचे धागे, सोडत मागे मागे सरकत जायचे. याकोब सरकायचा, फिरकीवर त्याची बायको राहेल असायची. चौतीस वर्षे दोघांच्या मध्ये दोर होता. हंगामाच्या सणाला वस्तीतला प्रत्येक जण आपल्या कष्टाचे काहीतरी वेदीपुढे ठेवी. कोणी कणसे, कोणी भोपळा, कोणी कोंबडी. याकोब आणि राहेल मंदिराच्या विहिरीसाठी नवा दोर ठेवीत. तसे राहेलने लग्नाच्या वर्षीच देवाला बोलून ठेवले होते.

त्या साली दोर दहा हात झाला आणि राहेलला ताप आला. नवव्या दिवशी ती गेली.

याकोबाने फिरकी लिंबाच्या बुंध्याला बांधून पाहिली. तशी ती फिरते थोडीच! मग तो रोज सकाळी तो दहा हात दोर अंगणात उलगडायचा, बघत बसायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. शेजारणीने दिलेली भाकरी संध्याकाळपर्यंत झाकलेलीच असायची.

बाबा आले ते थेट त्याच्या अंगणात.

"याकोबा, दोर कुठवर आला?"

"दहा हात. पुढं कोण फिरवणार, बाबा?"

बाबा फिरकीपाशी जाऊन बसले. "मला शिकव."

"तुमी? हाताला फोड येतील."

"येऊ देत."

"तुमच्यानं व्हायचं नाय, बाबा. ती माझं पाऊल बघून फिरवायची. मला सांगावं लागत नव्हतं."

"मग मला तुझं पाऊल बघायला शिकव," बाबा म्हणाले.

पहिल्या दिवशी वीतभर दोर झाला, तोही वाकडा. याकोबाने तो उसवला. दुसऱ्या दिवशी बाबांचा हात जरा बसला. त्या दिवशी याकोबाने अर्धी भाकरी खाल्ली.

ख्रिस्ती मंडळीचे पंच फिलिपराव उजागरे रस्त्याने जात होते. ते हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, रेशमी फेटा बांधणारे. अंगणातले दृश्य पाहून ते थबकले.

"बाबा, हे काय मांडलंय? तुमच्या हातात टाळ शोभतात. हे वाखाचं काम अंगावरून झटकायला आमच्या दोन पिढ्या गेल्या, आणि तुम्ही ते पुन्हा घेऊन बसलात?"

"सणाचा दोर आहे, फिलिपराव."

"आता दोर नकोच. विहिरीला मी लोखंडी कप्पी आणि साखळी आणलीय. विहिरीवरचा तो जुना दोर काल चुलीत घातला. सणाला गावातली मोठी माणसं येणार. त्यांनी आपल्या मंदिरात येऊन काय बघायचं, वाखाचा दोर? देवाचा गौरव दिसला पाहिजे!"

"गौरव दिसतो कसा?" बाबांनी विचारले.

"कसा म्हणजे? झळाळून!" फिलिपराव याकोबाकडे वळले. "याकोबा, तू आपली कणसं आण चार. नसतील तर मी देतो. पण ते शेपूट वेदीपुढे आणू नकोस."

ते गेल्यावर याकोबाने हातातला वाख खाली ठेवला. जो दोर चुलीत गेला, त्याला राहेलचा हात लागलेला होता.

"बाबा, देवाला खरंच कमीपणा येईल का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटण्याजोगं काय उरलं नाय. तिनं बोललेलं राहिलंय. तेवढं देवाघरी पोचावं."

बाबांनी फिरकीला हात घातला. फिरकी फिरू लागली.

सण आला तेव्हा दोर अठरा हात झाला होता. विहिरीचे पाणी त्या साली तीस हातांवर होते. याकोब दोर खांद्यावर घेऊन मंदिरात आला. वेदीपाशी फिलिपराव उभे होते.

"अर्धाच? अरे, देवाला अर्धं देतोस?" ते सगळ्यांदेखत म्हणाले. चारदोन माणसे हसली. याकोब मागे फिरला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. बाबाही जाऊन त्याच्याशेजारी उभे राहिले.

उपासना संपल्यावर सारे विहिरीवर जमले. कप्पीच्या पाटीवर 'देवाच्या गौरवासाठी' असे बारीक अक्षरांत होते आणि खाली 'फिलिपराव उजागरे' असे ठळक. पहिली बादली फिलिपरावच काढणार होते. पण साखळी कप्पीच्या खाचेतून सरकून अडकली. ते कठड्यावर चढले, ओणवे झाले आणि त्यांनी हिसका दिला. साखळी एकदम सुटली आणि सगळीच्या सगळी आत गेली. तिच्यापाठोपाठ फिलिपरावही गेले!

बायका किंचाळल्या. पंचांना पोहता येत नव्हते. एका हाताने ते कपारीचा दगड धरून होते आणि तो दगड हलत होता. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. गावातून दोर आणायचा तर अर्धा कोस जायचे.

"याकोबा," बाबा म्हणाले, "दोर सोड."

"बाबा, पुरायचा नाय. बारा हात कमी हाय."

"मला ठाऊक आहे. सोड, बाळा."

ज्या माणसाने दोराला शेपूट म्हटले, तोच आता खाली पाण्यात होता. हे याकोबाच्या मनात आले नसेल असे नाही. पण त्याने दोराचे टोक मनगटाला गुंडाळले, कठड्याला पाय लावला आणि "प्रभू येशू!" म्हणून दोर सोडला. दोर गेला, संपला. वरचे टोक याकोबाच्या मनगटाला होते आणि खालचे अंधारात.

मग दोराला ताण आला.

तो बुडणाऱ्याचा हिसका नव्हता. चौतीस वर्षे समोरून येणारा, याकोबाच्या हातांच्या ओळखीचा तो ताण होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. दोर वळताना पाय जसा मागे टाकायचा, तसा तो एक एक पाऊल मागे सरकत गेला. इतरांनी मागून धरले. फिलिपराव वर आले. फेटा गेला होता, कोपरे सोलली होती आणि दोन्ही मुठींत दोर होता.

लोकांनी तिथेच दोर मोजला. अठरा हात. दगड बांधून सुतळीने पाणी मोजले. तीस हात. पुन्हा मोजले, तेवढेच.

"मी वर पाहिलं तेव्हा दोर नव्हता," फिलिपराव कापत म्हणाले. "मी म्हणालो, देवा, मेलो. आणि दोर हातात होता. बाबा, हे कसं झालं?"

"मला विचारू नका. मी फक्त फिरकी फिरवली," बाबा म्हणाले. "पण एवढं सांगतो, फिलिपराव. आपला प्रभू स्वर्गात झळाळतच होता की. तेवढ्यानं तुमचं माझं काय झालं असतं? तो सुताराच्या घरी आला. त्यानं माणसांचे पाय धुतले. क्रुसावर टांगला गेला आणि मरणातही उतरला. बुडणाऱ्याला हात पोचेपर्यंत तो खाली आला, हाच त्याचा गौरव. दुसरा मला माहीत नाही."

फिलिपराव बाबांच्या पायांशी वाकू लागले. बाबा बाजूला झाले आणि त्यांनी याकोबाकडे बोट केले.

पंच फिलिपरावांनी सर्वांसमोर याकोबाच्या पायांवर डोके ठेवले. "तुझ्या राहेलच्या हातचा दोर मी जाळला रे," ते म्हणाले.

याकोबाने त्यांना खांद्याला धरले. "उठा, मास्तर. थंडी भरंल," तो म्हणाला.

फिलिपराव उठले. ओला दोर दोन्ही हातांवर घेऊन ते मंदिरात गेले. कणसे आणि भोपळे सरकवून त्यांनी वेदीपुढे मधोमध जागा केली, दोर ठेवला आणि जमिनीला कपाळ टेकले. बाहेर पंगत खोळंबली होती, पण कोणी हाक मारली नाही. थोड्या वेळाने याकोब आत गेला आणि आपली घोंगडी त्यांच्या पाठीवर घालून शेजारी गुडघे टेकून बसला.