हैबती भाडं वसूल करतो

एका गावात एक भोळा माणूस होता, हैबती. नाव ऐकून कुणीही दचकावं, पण त्याला बघून दाणे टिपणारी कोंबडीसुद्धा बाजूला होत नसे. सांगितलेलं काम मात्र तो सांगितल्यासारखंच करी. सगळा घोळ तिथंच.

त्याच्या पुढच्या खोलीत सोपान नावाचा शिंपी भाड्यानं राहायचा. बोली होती शिमग्यापर्यंतची. पण दिवाळीची शिलाई हातात पडली, तसा गड्यानं मशीन बैलगाडीत घातलं आणि शेजारच्या गावी बिऱ्हाड हलवलं. मागचं भाडं राहिलं ते राहिलंच. इकडे हैबतीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. डिंक, खोबरं, तूप, सगळं त्या भाड्यातूनच आणायचं होतं. हैबतीची बायको द्वारका त्याला म्हणाली, "जा, आणि भाडं मागून या."

हैबती गेला. शिंप्याच्या ओट्यावर गिऱ्हाइकं बसलेली. खुद्द पाटील अंगरख्याचं माप देत होते. हैबतीनं रस्त्यातूनच हाळी दिली आणि भाडं मागितलं. शिंपी आधी ओशाळला, मग चिडला, आणि आता तर एक पैसाही देणार नाही म्हणाला.

द्वारकेनं कपाळाला हात लावला. "अहो, चारचौघांत पैशाचं काढतात का? माणूस एकटं गाठावं, जवळ जावं, हळूच कानात सांगावं."

दुसऱ्या खेपेला शिंपी बाजाराला गेलेला. त्याची बायको अंगणात तांदूळ निवडत बसली होती. माणूस एकटंच आहे, हे हैबतीनं नीट बघून घेतलं. मग पाय न वाजवता मागून गेला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. पुढचं काम सुपानं झालं. सूप मोडलं, तरी बाई थांबली नाही.

घरी पाठ शेकता शेकता त्यानं सगळं सांगितलं. द्वारका म्हणाली, "परक्या बाईच्या कानाशी लागलात? मारलं ते थोडंच झालं. अशा वेळी लांब उभं राहावं, मान खाली घालावी, वहिनी म्हणून नमस्कार करावा."

तिसऱ्या खेपेला शिंपी दारातच होता. हैबती लांब लिंबाखाली थांबला, मान खाली घातली आणि म्हणाला, "वहिनी, नमस्कार."

शिंप्यानं स्वतःच्या मिशीवरून एकदा हात फिरवून बघितला. मग चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं पसार झाला. हैबती दिवस मावळेपर्यंत मुंग्या बघत उभा.

"आता दिसला की हात धरा," द्वारका म्हणाली, "आणि पैसे मिळेपर्यंत सोडू नका."

चौथ्या खेपेला शिंपी नवरदेवाचा कोट शिवत होता. हैबतीनं त्याचा उजवा हात धरला तो धरलाच. वऱ्हाड गाड्या जुंपून खोळंबलेलं, कोटाला एकच बाही. नवरदेवाचा बाप शिव्या द्यायला लागला. शेवटी शिंप्याच्या बायकोनंच शिलाईचे पैसे पितळी डब्यात घातले आणि डबा हैबतीच्या काखेत कोंबला.

द्वारकेचे डोळे भरून आले. हैबतीला गूळपाणी मिळालं. पैसे तिनं फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवले, डबा घासून लख्ख केला. सकाळी धुणं घेऊन नदीवर निघताना म्हणाली, "मी आले की बाजाराला जाऊ. तोवर त्यांचा डबा देऊन या. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, घरातलं काहीतरी चांगलं बघून घाला त्यात."

हैबतीनं घर धुंडाळलं. वालांना कीड लागलेली. गुळाच्या खड्याला मुंग्या. नाचणी होती, तीही मडक्याच्या तळाशी. असलं कसं द्यायचं? बराच वेळ फिरला, तेव्हा कुठं मनासारखं मिळालं.

शिंप्याच्या बायकोनं डबा उघडला आणि नवऱ्याकडे बघत राहिली. नवऱ्यानं घाईघाईनं झाकण लावलं. मग हैबतीला बसायला घोंगडी टाकली, हैबतराव म्हणाला, जेवूनच जा म्हणाला.

हैबती ढेकर देत घरी आला. द्वारका पिशवी घेऊन दारातच उभी होती.

"दिलात डबा? रिकामा नाही ना दिलात?"

"छे. चांगला जड करून दिला."

"काय घातलंत हो?"

हैबती चपला काढत म्हणाला, "सगळं घर शोधलं. चांगलं म्हणावं असं एकच निघालं, देव्हाऱ्याखालचं गाठोडं."