हणमाक्काचे जमिनीखालचे दहा दिवस

धोंडेवळणच्या ओढ्याला कधीकाळी पाणी होतं, हे गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनाच तेवढं आठवत होतं, त्या काळातली ही गोष्ट. लागोपाठ तीन पावसाळे कोरडे गेले होते. गुरं विकून झाली होती. माणसं दीड कोसावरून एकेक घागर आणत होती. तेव्हा गावानं हणमाक्काला बोलावणं धाडलं.

हणमाक्का विहिरी खोदायची. बाईमाणूस, पण तिनं घण उचलला की काळ्या पाषाणाला घाम फुटायचा, असं म्हणतात. जमिनीला कान लावून ती पाण्याचा ठाव सांगायची. तिचा नवरा मल्लाप्पा अशाच एका विहिरीत दरडीखाली गेला होता. त्यानंतर सहा महिने ती भिंतीकडे तोंड करून बसून होती. बोलणं नाही, केस विंचरणं नाही. मग एका सकाळी शेजारीण आली, पाण्याचा तांब्या पुढं ठेवून म्हणाली, "दुसरं काय बी करू नगंस. नुसतं तोंड धू." तिनं धुतलं. दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन ती उंबऱ्यापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी अंगणात. अशी मुंगीच्या पावलांनी ती माणसांत परतली होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ओढ्याचं पात्र खोल घळीत होतं; विहीर त्या घळीच्या काठाला धरली. सात परस, म्हणजे सात पुरुष खाली गेली तरी मुरूम कोरडाच. हणमाक्का म्हणाली, "पाणी आडवं हाय," आणि विहिरीच्या तळातून ओढ्याच्या अंगाला बोगदा खणू लागली. गाव कुरकुरायला लागलं. पाटलांचा धाकटा भाऊ मानाजी तापट माणूस. तो म्हणाला, "ही बाई फसवतीय आपल्याला. मी सोता उतरून बघतो."

तो उतरला. हातात दिवा घेऊन हणमाक्काच्या मागं वीस पावलं वाकून चालत आत गेला. बोगद्याच्या टोकाला खडक ओलसर होता. मानाजीनं त्याला हात लावला, आणि त्याच क्षणी मागं गाडाभर धोंडे एकदम ओतावेत तसा आवाज झाला. धुळीचा लोट आला. दिवा विझला. विहिरीची दरड कोसळून बोगद्याचं तोंड बंद झालं होतं.

मानाजी ओरडत सुटला. खडकावर मुठी आपटून त्यानं हात रक्ताळून घेतले. हणमाक्का धूळ बसेपर्यंत पदर नाकाला लावून थांबली. मग तिनं चाचपून पाहिलं. हातपाय धड होते. घण होता, छन्नी होती. टोकाच्या खडकातून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. कमरेच्या फडक्यात दीड भाकरी, गुळाचा खडा आणि मूठभर फुटाणे होते.

"वरचे लोक काढतील आपल्याला," मानाजी म्हणाला.

"काढतील," ती म्हणाली. पण सात परस धोंडा म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उजेड दिसला. सुईएवढा. ओढ्याच्या बाजूला खडकात एक बारीक भेग होती, तिच्यातून ऊन आत आलं, घटकाभर राहिलं आणि गेलं. हणमाक्का लगेच उठली. ठिबकणारं पाणी ओंजळीत साठवून तिनं तोंड धुतलं, केस बांधले, पदर खोचला. मग म्हणाली, "उठा, धाकलं पाटील. दिस उगवला. तोंड धुवा."

"तोंड धुऊन कुणाला दाखवायचं? आपण मेलोय, हणमे."

"मेलेल्याच्या पोटात गुरगुरत न्हाई. तुमच्या गुरगुरतंय. ऐकू येतंय मला."

तो उठला नाही. तिनं दिलेला भाकरीचा तुकडाही घेतला नाही. खडक खणणाऱ्या बाईच्या हातची भाकरी पाटलाच्या घरात कुणी खाल्ली नव्हती. तिनं त्याचा तुकडा बाजूला ठेवला, आपला सावकाश चावून खाल्ला. मग वाकून बोगद्यात या टोकापासून त्या टोकाला चालू लागली. चाळीस खेपा केल्या. मग घण-छन्नी घेऊन उजेडाच्या भेगेपाशी बसली आणि खडक फोडू लागली. दमली की थांबायची, श्वास मोजायची, पुन्हा ठोका घालायची. अंदाजानं सांज झाली की हत्यारं खाली ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आज बोटभर खडक गेला. आज पाणी ग्वाड लागलं." आणि झोपायची. अंधारात विचार चघळत बसायचं नाही, हा तिचा नेमच होता. तिसऱ्या दिवशी मानाजीनं तो तुकडा मुकाट्यानं उचलून खाल्ला.

वर काय चाललं होतं, ते खाली ठाऊक नव्हतं. गाव तीन दिवस धोंडे उपसत होतं. मग दुसरी दरड आली. उपसणाऱ्यांतले चौघे थोडक्यात वाचले. थोरल्या पाटलांनी डोळे पुसले आणि काम थांबवलं. वरचा आवाज बंद झाला तसा खाली मानाजी थिजला.

"थांबले," तो म्हणाला. "त्यांनी सोडलं आपल्याला."

पाचव्या दिवशी तो बोलेना. सुईएवढा उजेड आला तेव्हा हणमाक्कानं पाहिलं, त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. हे बसणं तिनं ओळखलं. असं बसलेलं माणूस भुकेच्या आधी मरतं, हे तिला माहीत होतं.

तिनं त्याला धीर दिला नाही. उपदेश तर मुळीच केला नाही. जवळ जाऊन त्याच्या हातात छन्नी दिली. "धरा. माझा एक हात सुजलाय. मी ठोकते, तुम्ही नुसती धरा."

"माझं मन न्हाई, हणमे."

"मन कोण मागतंय? मला हात पायजे."

त्यानं छन्नी धरली. पहिले ठोके त्याच्या अंगठ्यावर बसले, तो कळवळला, तिला शिव्या घातल्या. शिव्या ऐकून हणमाक्का हसली. रागावलेला माणूस जिता असतो. दुपारपर्यंत तो छन्नी फिरवायला शिकला. आणि त्या सांजेला, कुणी विचारलेलं नसताना, तो बोलायला लागला. लेकीला त्यानं उतरायच्या दिवशी विनाकारण मारलं होतं, ते सांगून तो लहान मुलासारखा रडला. हणमाक्कानं मल्लाप्पाची गोष्ट सांगितली. जन्मात पहिल्यांदा सांगितली.

सातव्या दिवशी उजेड आलाच नाही. वर आभाळ आलं असेल, किंवा भेग बुजली असेल. हणमाक्का वाट बघत राहिली. फुटाणे संपले होते. कोंदट अंधारात तिला मल्लाप्पाची हाक ऐकू आली, अगदी जवळून. तिचा घण हातातून सुटला. ती भिंतीला टेकली आणि तिला वाटलं, आता पुरे.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिच्या गालाला थंडगार ओला हात लागला.

"अक्का," मानाजी म्हणाला. हणमे म्हणणारा माणूस आज अक्का म्हणाला. "अक्का, उठा. तोंड धुवा. उजेड आला न्हाई तर काय झालं? दिस उगवला आसंल."

ती उठली. दोघांनी चाळीस खेपा केल्या. त्या दिवशी ठोकणारा मानाजी होता आणि छन्नी धरणारी ती.

नवव्या दिवशी ठिबकणाऱ्या पाण्याची धार झाली. ज्याच्यासाठी एवढं खणलं, ते पाणी आलं होतं, आणि त्याला त्या बारीक भेगेखेरीज जायला वाट नव्हती. सांजेला ते घोट्यापर्यंत आलं. दहाव्या दिवशी छातीला लागलं. घण पाण्यावर उचलून दोघं एकमेकांना म्हणत होती, "एक ठोका, एक श्वास. एक ठोका, एक श्वास." पुढच्या ठोक्याचा विचार करायला जागाच उरली नव्हती.

आणि त्याच सकाळी वर गाव दहाव्याला जमलं होतं. नदी नाही, म्हणून विधी विहिरीच्या काठावरच मांडला होता. मानाजीच्या नावानं पिंड ठेवला. हणमाक्काला कुणी नव्हतं, तिच्या नावानं कुणी ठेवला नाही. कावळा आला, बाभळीवर बसला, पण पिंडाला शिवेना. थोरले पाटील हात जोडून म्हणाले, "मानाजी, तुझ्या लेकीचं लगीन मी लावून दीन." कावळा हलला नाही. मानाजीची बायको म्हणाली, "मी पोरीला कधी रागं भरणार न्हाई." तरी नाही. सगळं गाव श्वास धरून बसलं. असं म्हणतात की त्या वेळी वाराही थांबला होता. आणि त्या शांततेत आवाज आला.

ठक. ठक. ठक.

विहिरीतून नव्हे, ओढ्याच्या दरडीतून.

"खाली जित्ती हायेत!" मानाजीची बायको किंचाळली आणि ओढ्यात उतरून हातांनीच दरड उकरू लागली. मग पहारी आल्या, कुदळी आल्या. आतून दोघांनी एवढं फोडत आणलं होतं की हातभर खडक उरला होता. तो फुटला तेव्हा पाण्याचा लोंढा बाहेर आला आणि त्या लोंढ्याबरोबर आधी मानाजी आला. तो पडल्या पडल्या मागं वळला, पाण्यात पुन्हा हात घातला आणि हणमाक्काला मनगट धरून ओढून काढलं. लोंढा तीन दिवस वाहत होता असं म्हणतात. त्या दिवसापासून धोंडेवळणचा ओढा आटलेला नाही, असंही म्हणतात.

पुढच्या गावची विहीर हणमाक्कानं खोदली तेव्हा छन्नी धरायला मानाजी गेला होता. थोरल्या पाटलांना ते आवडलं नाही. तो तरी गेला.

आता हणमाक्काला जाऊन किती पिढ्या झाल्या, सांगता येत नाही. तिची समाधी नाही, जत्रा नाही. पण धोंडेवळणात आजही कुणाचं माणूस गेलं, कुणी बाळंतपणानंतर गप्प गप्प झाली, कुणाचं चित्त उडालं, तर त्याला कुणी शहाणपण सांगत नाही. पुरुष असेल तर शेजारी अंबाडीचा वाख घेऊन येतो आणि म्हणतो, "दोर वळायचाय, दुसरं टोक धर." बाई असेल तर शेजारीण सुपात डाळ घेऊन येते. "हणमाक्काचं काम हाय, एवढं निवडून दे गं," म्हणते आणि जवळ बसते. रोज येते. दहा दिवस, कधी दहा महिने.

बाहेरगावाहून आलेल्या एका नव्या सुनेनं एकदा सासूला विचारलं होतं, डाळीत खडेच नसले तर?

सासू म्हणाली, "मग येताना घरनं चार खडे टाकून आणायचे."