राणीच्या मुठीत काय?

रत्नसेन राजाच्या दरबारी एक वैद्य होता. तो माणसाच्या एका मुठीत पदार्थ द्यायचा आणि दुसरा हात खाली दाबायचा. हात झुकला, की पदार्थ अंगाला बाधतो म्हणायचा. असं करत त्याने राणी चारुमतीचं दूध, भात, गहू सगळं बंद केलं. राणीला उभंही राहवेना, तरी राजाचा वैद्यावरच भरवसा.

एके दिवशी भर दरबारात राणीने मूठ मिटून पुढे केली. "यात काय आहे, ते सांगणार नाही. तपासा."

वैद्याने तिचा दुसरा हात दाबला. तो लगेच खाली गेला.

"महाराज, हे तर जहर! राणीसाहेबांनी याला शिवूही नये."

राजाचा चेहरा उतरला. राणीने मूठ उघडली. ती रिकामी होती.

"वैद्यराज, मुठीत नुसती हवा होती. आता श्वासही बंद करू का?"

राजाने तिथेच दूधभात मागवला.