सकवारची सहाण

कोहळगावच्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर, जिथे पाणी ओसरून नुसता चिखल उरतो, तिथे वेखंडाचं बेट आहे. तलवारीच्या पात्यासारखी उभी पानं; चुरगाळली की उग्र, गोडसर वास बोटांना चिकटतो आणि संध्याकाळपर्यंत जात नाही. त्या बेटाच्या कडेला एक काळी सहाण पडलेली आहे. गुटी उगाळायची सहाण असते तशीच, वीतभर. पण मधोमध इतकी खोल झिजलेली की तिच्यात ओंजळभर पाणी राहतं. हिवाळ्यात पक्षी पाहायला येणारे लोक तिच्यापाशी थांबतात आणि विचारतात, ही इथे कशी?

तानबाजी वलथरे मग पाळीवर टेकतात. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतले ते सगळ्यांत म्हातारे. आधी ते मुळाबद्दल सांगतात. वेखंड पानात नाही, चिखलात आडवं पसरलेल्या कांड्यात असतं. कार्तिकात ते खणायचं, धुऊन त्याची केसासारखी मुळं काढायची आणि सावलीत वर्षभर वाळवायचं. लेकराचं पोट दुखलं, ताप आला, कफ दाटला तर सहाणेवर कोमट पाण्यात उगाळून द्यायचं. जीभ जड असेल तर मधातून. पण तीन वेढे. कांडं सहाणेवर तीनदा गोल फिरवायचं आणि थांबायचं. जास्त झालं की हेच औषध आतडी पिळून काढतं.

"लागू पडतं?" कोणीतरी विचारतंच.

"कधी पडते," तानबाजी म्हणतात, "कधी नाही पडत." आणि मग सकवारचं सांगतात.

फार जुनी गोष्ट. या वस्तीत सकवार आणि पारबता अशा दोघी शेजारणी होत्या. दोन्ही घरांच्या मध्ये एकच कूड होता, शेणामातीने लिंपलेला. या घरात भाकर थापली की त्या घरात कळायचं. सकवारची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा तिला उकिरड्यावर लोळवून घेतलं आणि नाव ठेवलं उकर्डी, म्हणजे मरणाला तिची किळस यावी. ती तीन वर्षांची झाली. चालायची, बोलायची, बोडीतले शिंगाडे मागायची.

दोघी शेजारणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दुसरं लेकरू गेलं तेव्हा पारबता पाणवठ्यावर बोलून गेली होती, "तिची कूसच जळकी, कोन काय करणार?" वाईट मनाने नाही, असं ती पुढे सांगायची, चार बायका बसल्या होत्या, शब्द निघून गेला. तो संध्याकाळच्या आत सकवारच्या कानी पोचला. सकवार अंगणात येऊन म्हणाली, "आजपासून माह्या उंबऱ्याले पाय लावू नोको. मी मेली तरी तोंडात पानी घालाले बी येऊ नोको." पारबताही काही कमी नव्हती. म्हणाली, "बोलावशील तवाच येईन."

त्या गोष्टीला चार वर्षं झाली. मग एका भादव्यात वस्तीत तापाची साथ आली आणि उकर्डीने अंथरूण धरलं.

दसरी नावाची म्हातारी तेव्हा वेखंड द्यायची. तिने बोटभर कांडं दिलं आणि तीन वेढे सांगितले. दोन दिवस सकवारने तीन-तीन वेढे उगाळून दिलं. ताप हटला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उकर्डीचा बाप दसरीबुढीला आणायला निघाला. ती दोन कोसांवर दुसऱ्या आजाऱ्याकडे गेली होती. घरात सकवार आणि मुलगी, दोघीच.

पारबता कुडाच्या अलीकडे जाळं सांधत बसली होती. दुपार होती. तिला सकवारचा आवाज ऐकू आला. सकवार बोडीकडे तोंड करून मोठ्याने नवस बोलत होती. तीन वेढ्यांनी माझी दोन गेली, म्हणत होती. हे अख्खं कांडं उगाळून सरेस्तोवर मी सहाणेवरून उठणार नाही, मागे वळून बघणार नाही. तेवढं सरलं की माझं लेकरू मला उभं करून दे.

आणि सहाणेचा आवाज सुरू झाला. घर्र, घर्र.

पारबताला ठाऊक होतं की एवढं वेखंड कोणत्याच लेकराला द्यायचं नसतं. आणि वाळलेलं कांडं दगडासारखं कठीण. ते दिवस मावळेपर्यंत सरायचं नाही. हेही तिला कळत होतं की सकवारची पाठ मुलीकडे आहे. तिने जाळं खाली ठेवलं. मग परत उचललं.

थोड्या वेळाने उकर्डीने हाक मारली. "माय."

"आली वं बाई," सकवार म्हणाली. "झालंच आता." सहाण थांबली नाही.

दुसरी हाक आली तेव्हा पारबता उठली. अंगण ओलांडून सकवारच्या दारापर्यंत गेली. उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली. आत दिसत होतं ते असं: चटईवर पोर, तिचा हात आईच्या पाठीकडे निघालेला, पण वीतभर अंतर राहिलेलं. सकवार वाकून वेढे मोजत होती. तिच्या कोपरावरून घाम निथळत होता आणि उगाळलेलं औषध सहाणेवरून ओघळून जमिनीत जिरत होतं. पारबताला एवढंच म्हणायचं होतं: सरक, मी उगाळते, तू पोरीला घे. नवस कांडं सरण्याचा होता. ते कोणाच्या हाताने सरावं, हे देवाने कुठे विचारलं होतं? पण तिला बोलावलं नव्हतं. ती वाट बघत राहिली, की सकवार मान वळवेल, आपल्याला बघेल, काहीतरी म्हणेल. शिवी दिली असती तरी ती आत गेली असती.

तिसरी हाक आली. "झालंच, झालंच," सकवार म्हणाली.

दसरीबुढी आली तेव्हा ऊन कललं होतं. सहाण चालूच होती. बुढीने आधी चटईकडे पाहिलं, मग सकवारचं मनगट धरलं. कांडं नखाएवढं उरलं होतं.

उकर्डीच्या सुतकाचे दिवस सरले तेव्हा सकवारने ती सहाण उचलली आणि इथे, मुळांपाशी आणून ठेवली. पारबता तिच्या मागे आली आणि पाळीवर उभी राहिली. सकवारने विचारलं. चार वर्षांतला तिचा पारबताशी पहिला शब्द.

"तू होती ना वं दारात?"

"होती."

"मी वेढेच मोजत राहिली. तिनं हाका किती मारल्या?"

पारबताला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "चार."

"मले तीनच ऐकू आल्या," सकवार म्हणाली.

त्यानंतर ती कोणाशी बोलल्याचं कोणी सांगत नाही. तिने पारबताला क्षमा केली का, तेही नाही. काही जण म्हणतात, भादव्यात बोडीतून हाक ऐकू येते. तानबाजी म्हणतात, मी अख्खा जन्म इथे जाळं टाकलं, मला कधी ऐकू आली नाही. एका दुपारीत दगड एवढा झिजत नाही, हेही त्यांना कळतं. पण सांगतात असंच.

पारबता मात्र पुढे कोणाच्याही घरी लेकरू आजारी पडलं की न बोलावता जायची. आईला सहाणेवरून ढकलायची. "सरक वं. मी उगाळतो. तू लेकराले मांडीवर घे." पहिल्या घरात ती अशी गेली, तेही लेकरू वाचलं नाही म्हणे. आईच्या मांडीवर गेलं, एवढंच.

आजही कोहळगावात आई वेखंड उगाळत नाही. शेजारीण येते, भांडण असेल तर तीच आधी येते, आणि तिला उंबऱ्यावर कोणी अडवत नाही. ती तीन वेढे फिरवते. मग कांडं सहाणेवरून उचलून हात तसाच वर धरते. घरातलं कोणी बोलत नाही, चूल फुंकणारीही थांबते. चौथ्या वेढ्याएवढा वेळ सगळे लेकराकडे कान देऊन बसतात.

बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. तरी थांबतात.